ऐंशी वर्षं न फळलेलं झुडूप

लंडनजवळ राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या दारात एक झुडूप आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सरळ म्हणाले, "अगं, इथं क्रोटन जगतो?" हिरव्या चकचकीत पानांवर कुणी पिवळा रंग शिंपडल्यासारखे ठिपके, आपल्याकडे बंगल्यांच्या फाटकापाशी असतात अगदी तसे. तो क्रोटन नव्हता, ऑक्युबा होता. गंमत म्हणजे त्याच्या एका प्रसिद्ध वाणाचं नावच 'क्रोटोनिफोलिया', म्हणजे क्रोटनच्या पानांचा! पण साम्य दिसण्यापुरतंच. क्रोटन एरंडाच्या कुळातला, त्याला ऊन आणि उकाडा हवा. ऑक्युबा मूळचा जपान आणि आसपासच्या जंगलांतला. तो मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतो आणि बर्फातही हिरवा राहतो.

सावलीत जगायचं म्हणजे जमाखर्च सांभाळायचा. पान उजेडात अन्न तयार करतं आणि श्वसनात त्यातलं काही खर्च करतं. उन्हात वाढणाऱ्या झाडांचा खर्च मोठा, त्यामुळे अंधाऱ्या कोपऱ्यात ती तोट्यात जातात. ऑक्युबाचा खर्च मुळातच कमी, म्हणून थोड्या उजेडावरही त्याचं भागतं. शिवाय हिवाळ्यात डोक्यावरच्या झाडांची पानं गळली की याला फुकटचं ऊन मिळतं. याची पानं तेव्हाही जागेवरच असतात. ठिपक्यांमध्ये मात्र हरितद्रव्य फारसं नसतं, म्हणजे तेवढी जागा कमावत नाही. अगदी गडद सावलीत म्हणूनच बिनठिपक्यांची, गर्द हिरवी जात बरी. ठिपक्यांचा रंग खुलायला थोडा उजेड लागतो, पण दुपारच्या कडक उन्हात तीच पानं करपतात.

हे झुडूप इंग्लंडमध्ये 1783 साली जॉन ग्रेफर या माळ्याने आणलं. तेव्हा आलं ते ठिपक्यांचं मादी झाड. ऑक्युबात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. पपई किंवा कर्टोली लावणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की नर पपई फळत नाही म्हणून आपण उपटून टाकतो आणि इथं अख्ख्या देशात नरच नव्हता. फांद्या कापून कलमं करत गेले, म्हणजे एकाच मादीच्या नकला वाढत गेल्या. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या लंडनमध्येही ती तगली आणि घरोघरी पोचली. पण फळ एकालाही नाही.

ही उणीव भरून काढली रॉबर्ट फॉर्च्यूनने. चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणणारा तो हाच. जपानला जाताना ऑक्युबाचा नर मिळवायचा हे त्याच्या मनात पक्कं होतं. 1861 च्या सुमारास योकोहामातल्या एका बागेतून त्याने तो मिळवला आणि काचेच्या बंद पेटीतून इंग्लंडला धाडला. अशा पेटीत पानांतून निघालेल्या वाफेचे काचेवर थेंब होतात आणि ते पुन्हा मातीत टपकतात. महिनोन् महिन्यांच्या समुद्रप्रवासात पाणी घालावं लागत नाही आणि खारा वाराही आत शिरत नाही. 1864 साली लंडनमध्ये लाल फळांनी लगडलेलं ऑक्युबा लोकांनी पाहिलं. आधी जे झाड लोक गृहीत धरून चालत होते, त्याच्या नराला आता एकदम भाव आला.

लावायला हे झाड सोपं आहे. उन्हाळा संपताना वीतभर लांबीच्या फांद्या कापून ओलसर मातीत खोचल्या की मुळं फुटतात. ठिपके तसेच हवे असतील तर बी न लावता कलमच करावं. मातीचे फारसे नखरे नाहीत, पाणी साचू देऊ नका म्हणजे झालं. छाटणी वसंतात करायची, पण कुंपण कापायच्या मोठ्या कात्रीने नको. छोटी कात्री घेऊन एकेक फांदी कापायची. बहिणीने पहिल्या वर्षी मोठी कात्री सरसकट फिरवली आणि अर्धवट कापलेल्या प्रत्येक पानाची कड काळी पडली.

यामागे ऑक्युबिन नावाचं रसायन आहे. पहिल्यांदा ते याच झाडात सापडलं, म्हणून हे नाव. इसबगोलाच्या भाईबंदांतही ते असतं. पेशी फुटली की एक विकर (एन्झाइम) त्याच्यावर काम करतं आणि त्यापासून काळं रंगद्रव्य तयार होतं. पान चुरगळून ठेवलं तरी ते काळं पडतं. कडाक्याच्या थंडीने किंवा मुळं सडल्याने पानं काळी पडतात, तेव्हाही आधी पेशीच मेलेल्या असतात.

महाराष्ट्राच्या मैदानी भागात कुणी ऑक्युबा लावायच्या फंदात पडू नये, आपला उन्हाळा त्याला झेपणार नाही. भारतात त्याचा एक सख्खा भाऊ मात्र आहे, दार्जिलिंग-सिक्कीमच्या दमट जंगलांतला हिमालयी ऑक्युबा.

बहिणीचं झाड मादी आहे. मार्चमध्ये गेले तेव्हा पानांआड बोराच्या बीएवढी लालबुंद फळं होती. भाचीला ती तोंडात घालू देत नाहीत, पोट बिघडतं. नर कुठे आहे म्हणून शोधलं, तर दोन घरं सोडून एका कचऱ्याच्या डब्यामागे होता, जांभळट बारीक फुलांनी भरलेला.