सिगारीचं अंग आणि निपाणीचं नाक

आमचे मामा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं होते. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला मूठभर जर्दा तळव्यावर घ्यायचा, अंगठ्यानं एकदाच चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि गप्प राहायचं. त्या गप्प राहण्यावर पोत्याचा भाव ठरे. गेल्या दिवाळीत जहाजावर नोकरी करणारा माझा चुलतभाऊ निकाराग्वाच्या दोन सिगारी घेऊन आला आणि म्हणाला, “मामांना दे. फुल बॉडीड आहेत.”

मामांनी सिगार हातात फिरवली. “बॉडी म्हंजे अंग न्हवं? मग अंग उघडून बघूया की,” म्हणाले आणि दाढीच्या पात्यानं एक सिगार उभी चिरली.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळेत पोरं इतकी नीट चिरफाड करत नाहीत. वरचं पान कागदासारखं पातळ, तेलकट आणि बारीक शिरांचं. त्याच्या आत एक जाडंभरडं पान, सगळं बांधून ठेवायला. आणि पोटात चार-पाच लांब पानं, पंख्याच्या घडीसारखी दुमडलेली, म्हणजे धुराला जायला वाट राहते. अगदी मधोमध होतं एक जाड, काळपट, बोटाला चिकटणारं पान. मामांनी त्याचा तुकडा चुरून हुंगला. “ह्ये शेंड्याचं हाय.”

बरोबर होतं. सिगारीच्या धंद्यात झाडाच्या खालच्या पानाला वोलादो, मधल्याला सेको आणि वरच्याला लिगेरो म्हणतात. ‘भारदस्त’ सिगार म्हणजे जिच्या पोटात लिगेरो जास्त. यामागचं शास्त्र आमच्या अक्कोळच्या रानातही तेच आहे. निकोटिन पानात तयार होत नाही, मुळांत होतं आणि पाण्याबरोबर वर चढतं. किड्यांना मारायचं ते झाडाचं विष. कळी धरताना शेतकरी शेंडा खुडतो तेव्हा झाडाला वाटतं आपल्याला कुणी खाल्लं, आणि मुळं निकोटिनचा कारखाना जोरात चालवतात. फुटवेही काढून टाकले की सगळा माल उरलेल्या पानांत जातो. वरच्या पानांना ऊनही भरपूर, म्हणून ती जाड होतात, त्यांत तेल आणि चीक जास्त. अशी पानं सावकाश जळतात, त्यामुळे वळणारा ती मधोमध ठेवतो. कडेला गेली तर सिगार एका बाजूनं जळत जाते.

आता ‘फुल बॉडीड’ या शब्दाकडे येतो, कारण खरी गफलत तिथं आहे. लोक या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतात: कडकपणा, अंग आणि स्वाद. या तिन्ही गोष्टी शरीराच्या तीन वेगळ्या वाटांनी कळतात.

कडकपणा म्हणजे निकोटिन. तो जिभेला कळत नाही, डोक्याला कळतो, आणि तोही दहा-पंधरा मिनिटांनी. पण पानात निकोटिन किती आहे एवढ्यावर हिशेब संपत नाही. सिगारेटची बरीचशी तंबाखू भट्टीच्या उष्णतेनं आठवड्याभरात वाळवतात. पान झटकन मरतं आणि त्यातली साखर आत अडकून राहते. साखर जळली की धूर आंबट होतो. सिगारीचं पान मात्र सावलीत, हवेवर, महिना-दीड महिना टांगलेलं असतं. ते हळूहळू मरतं आणि मरता मरता आपल्याच अंगातला स्टार्च आणि साखर खाऊन टाकतं. पुढे त्याच्या गंज्या रचून आंबवतात, तेव्हा प्रथिनं तुटून अमोनिया सुटतो. अशा पानाचा धूर आंबट राहत नाही, अल्कलीकडे झुकतो.

याचा परिणाम मोठा आहे. निकोटिनचा रेणू आम्लात बांधलेला राहतो, अल्कलीत मोकळा होतो. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 6 असेल तर शंभरात जेमतेम एक रेणू मोकळा असतो, पीएच 8 झाला की निम्मे. मोकळा रेणू गालाच्या आतल्या पातळ कातडीतून सरळ रक्तात शिरतो. म्हणून सिगार ओढणारा धूर छातीत घेत नाही, तोंडात घोळवून सोडतो, आणि तरीही त्याला हवं ते मिळतं. ‘आम्ही धूर आत घेत नाही, त्यामुळे अपाय नाही’ असं सांगणारे लोक बेळगावच्या कॅम्पात मला भेटले आहेत. निकोटिन तर त्यांच्या गालातून जातच असतं, आणि तोंड, जीभ, घसा, अन्ननलिका यांचे कॅन्सर सिगारीनं होतात हे पक्कं ठाऊक आहे. आंबवताना पानात नायट्रोसमाइन नावाची कर्करोगकारक रसायनं तयार होतात, ती तोंडात घोळवलेल्या धुरात असतातच.

अंग ही वेगळी गोष्ट. धूर म्हणजे नुसता वायू नव्हे, त्यात मायक्रोमीटरपेक्षाही बारीक थेंब तरंगत असतात. थेंब दाट असले की तोंडात वजन जाणवतं. पाणी घातलेलं दूध आणि निरसं म्हशीचं दूध डोळे मिटूनही ओळखता येतं, तसंच. या वजनात आणखी एक भागीदार आहे, झणका. संकेश्वरी मिरची चावल्यावर जे होतं ती चव नसते, ती वेदना असते. ती ट्रायजेमिनल नावाच्या, चेहऱ्यावरचा स्पर्श-वेदना नेणाऱ्या मज्जातंतूनं मेंदूकडे जाते, जिभेच्या चवकळ्यांचा तिच्याशी संबंध नाही. निकोटिनही तसल्याच एका संवेदकाला डिवचतं, मिरचीच्या नव्हे, मोहरीच्या. मोहरी फेसल्यावर नाकात जी सणक जाते तोच तो संवेदक. सिगारीच्या धुरात ‘मिरी लागते’ असं जाणकार म्हणतात तेव्हा ते हे सांगत असतात.

स्वाद हा माझा आवडता भाग, कारण इथं बेळगावचा कुंदा कामाला येतो. दूध आटवत आटवत जेव्हा ते तांबूस होतं आणि गल्लीभर वास सुटतो, तेव्हा दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी भिडलेली असतात. मेलार्ड अभिक्रिया म्हणतात तिला. भाकरीचा डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफी, कोको, सगळीकडे तीच. त्यातून पायराझिन जातीचे रेणू तयार होतात आणि भाजल्याचा वास येतो. तंबाखूच्या गंजीत चूल नसते, पण ओलसर कडब्याची गंजी आतून कशी तापते ते ज्यानं हात घालून पाहिलंय त्याला सांगायला नको. सिगारीच्या पानांची गंजी पन्नास अंशांच्या आसपास तापते. जास्त तापू नये म्हणून ती मोडून खालचं वर, वरचं खाली करून पुन्हा रचतात. महिनोन्‌महिने हे चालतं, आणि भारी लिगेरोला तर सगळ्यात जास्त वेळ लागतो. पानातले पिवळे-केशरी रंगद्रव्य तुटून फुलांसारखे, सुक्या मेव्यासारखे वास येतात ते याच काळात.

हे सगळे वास नाकाचे आहेत, आणि तेही मागच्या दारानं. जिभेला पाचच चवी कळतात, नाकात वास पकडणारे सुमारे 400 प्रकारचे संवेदक असतात. म्हणून परीक्षक धुराचा थोडा भाग घशामागून वर घेऊन नाकातून सोडतो. मामा विडीचं असंच करायचे. वखारीत नवा माल आला की टेंभुर्णीच्या पानात चिमूटभर वळायची, एक झुरका घ्यायचा, नाकातून सोडायचा आणि विडी फेकून द्यायची. विमानातून येणाऱ्या परीक्षकांना यासाठी मानधन मिळतं. मामांना मिळालेला दमा मात्र त्यांनी स्वतःच्या पैशानं निस्तरला. पोती चाळणाऱ्या बायांचं तर विचारूच नका. हवेत उडणाऱ्या तंबाखूच्या भुकटीनं पहिल्या आठवड्यात चक्कर, उलटी, मग सवय.

आणि नाकावर भाव ठरतो म्हटल्यावर भांडणही आलंच. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी इथंच महामार्ग अडवला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. कसाचा मामला इथं कधी निव्वळ चवीचा नव्हता. तंबाखू आपल्या मुलखात जुनीच. 1604च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला आणि परत जाताना बादशहासाठी तंबाखू आणि चिलीम घेऊन गेला. म्हणजे दिल्ली-आग्र्याला हे व्यसन दख्खनेतून गेलं.

दुसरी सिगार मी पेटवली. मी विडीही ओढत नाही, पण लेख लिहायचा तर नुसतं चिरून भागत नव्हतं. पेटवण्याआधी कोरडीच ओढून पाहिली: गोठ्याचा, गवताचा आणि नव्या कोल्हापुरी चपलेचा वास. परीक्षेची पहिली पायरी हीच. पेटल्यावर राख पाहायची. पांढरट, घट्ट राख बोटभर टिकली तर वळण चांगलं आणि पान नीट पोसलेलं. पानातलं पोटॅशियम जळायला मदत करतं, क्लोराइड जळणं मारतं. खारट विहिरीच्या पाण्यावरची तंबाखू म्हणूनच सारखी विझते, आणि पोटॅश द्यायचं तर क्लोराइडचं न देता सल्फेटचं देतात. मामा हे सूत्र न शिकता सांगायचे: “मचूळ पान्याची हाय, घेऊ नगो.”

झुरका मिनिटाला एक. घाई केली की निखारा जास्त तापतो आणि सगळे नाजूक वास करपून फक्त कडू उरतं. अर्ध्यापर्यंत कुंदा, भाजलेलं कणीस, मिरी असं मी वहीत लिहीत होतो. पुढं अक्षर बिघडलं. जळलेल्या भागातलं निकोटिन आणि डांबर न जळलेल्या पानांवर थिजत जातं, निखारा तिथं पोचला की पुन्हा उडतं. म्हणून शेवटचा तिसरा भाग सगळ्यात जहाल. कपाळावर घाम, पोटात ढवळणं. मामींनी गुळाचा खडा दिला. गुळानं निकोटिन उतरत नाही, ते रक्तातून निम्मं व्हायला दोनेक तास लागतात, पण तोंड बरं झालं. मग हिशेब केला. विडीत तंबाखू असते पाव ग्रॅमपेक्षाही कमी. दहा ग्रॅमची सिगार म्हणजे चाळीस-पन्नास विड्या, एका बैठकीत.

एक गैरसमज तेवढा मामांच्या ओसरीवरच सुटला. मी काळ्या पानाकडे बोट दाखवून म्हणालो, “केवढी कडक दिसते.” त्यांनी मान हलवली. रंग सांगतो की पान किती आंबवलंय, किती तापलंय. काळं पान कित्येकदा गोडसर आणि मवाळ असतं, फिकं पान डोकं फिरवतं. म्हणून खरी परीक्षा सिगारीवरची पट्टी काढून, नाव झाकून करतात. नाव आणि रंग दिसला की नाक खोटं बोलायला लागतं. माझ्या मते छापील गुणांपैकी निम्मे तरी पट्टीला पडलेले असतात.

संध्याकाळी मामांनी चिरलेल्या सिगारीतलं ते मधलं पान घेतलं, चुरलं आणि टेंभुर्णीच्या पानात वळून दोरा बांधला. काडी ओढली. दोन झुरके, विझली. दुसरी काडी, एक झुरका, विझली. टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट शिरत नाही, विडी तशीही सारखी ओढावी लागते, त्यात हे जाड, ओलसर, सावकाश जळणारं पान. तिसऱ्या काडीनं जरा धुमसली. मामांनी धूर नाकातून सोडला, डोळ्यांत पाणी आलं.

“अंग हाय,” म्हणाले. “कडक बी हाय. पर ह्येला एकट्याला कोन जाळंल?”

विडी पुन्हा विझली होती. ती कानावर अडकवून ते चपला शोधायला लागले.