मृत्युपत्र करताय? स्टँप पेपर राहू द्या, आधी दोन साक्षीदार बघा

नागपूरच्या आमच्या मोठ्या बाबांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, पाचशेचा स्टँप पेपर आणून ठेवला आणि मला फोन केला, "येऊन जा, मृत्युपत्र लिहायचं आहे." त्यातून मला काही मिळणार नव्हतं, म्हणूनच मला बोलावलं. लिहिलं मात्र साध्या फुलस्केप कागदावर, कारण मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागतच नाही. स्टँप पेपर सहा महिने पडून वाया गेला.

मृत्युपत्र कोण करू शकतो? वय 18 पूर्ण असलेली आणि आपण काय करतोय हे समजणारी कोणतीही व्यक्ती. अंथरुणाला खिळलेला माणूसही करू शकतो, फक्त त्या वेळी शुद्धीत हवा. वय झालं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडा. कायद्याने ते सक्तीचं नाही, पण पुढे "बाबांना काही कळत नव्हतं" असा वाद निघाला की तेच कामी येतं. स्वतः कमावलेली मालमत्ता कुणालाही देता येते. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला फक्त आपला हिस्साच देता येतो. मुस्लिम कायद्यात वारसांची संमती नसेल तर एक तृतीयांशपर्यंतच मर्यादा आहे आणि तिथले बाकीचे नियमही वेगळे आहेत.

खरी गोम साक्षीदारांत आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. करणाऱ्याने त्यांच्यासमोर सही किंवा अंगठा करायचा, किंवा "ही सही माझीच" असं त्यांना सांगायचं, आणि मग त्यांनी त्याच्यासमोर सह्या करायच्या. दोघं एकाच वेळी हजर हवेत असं कायदा म्हणत नाही, पण तुम्ही दोघांना एकत्रच बसवा. आतला मजकूर त्यांना वाचून दाखवायची गरज नाही. मोठ्या बाबांनी तर सही करताना वरचा कागद वर्तमानपत्राने झाकून ठेवला होता!

ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या नवरा-बायकोला साक्षीदार करू नका. आपल्या वयाचा मित्रही नको. वाद कोर्टात गेला तर हयात साक्षीदारांपैकी एकाला तरी उभं राहून सांगावं लागतं, मृत्युपत्र नोंदणीकृत असलं तरीही. म्हणून तरुण आणि शक्यतो नागपुरातच राहणारा माणूस निवडा.

दुसरी चूक वर्णनात होते. मोठ्या बाबांचा पहिला मसुदा होता, "मानेवाड्याचा प्लॉट धाकट्याला." मानेवाड्यात त्यांचे प्लॉट दोन! मौजा (महसुली गाव), खसरा (भूमापन) क्रमांक, ले-आऊट, प्लॉट क्रमांक, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा हे सगळं लिहा. प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजवर असेल तर तसं नमूद करा, कारण जातो तो लीजचा हक्क. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असेल तर सातबारा समोर ठेवूनच लिहा. शेवटी "उरलेलं सगळं अमक्याला" ही एक ओळ हवीच, नाहीतर राहून गेलेल्या बँक खात्यावरून भांडणं होतात. आणि बँकेत नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, तेवढ्याने तो मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं.

खाडाखोड झाली तर पान नव्याने लिहा. प्रत्येक पानावर सही करा आणि तारीख टाका. अंमलबजावणीसाठी एक विश्वासू व्यवस्थापक नेमा.

नोंदणी ऐच्छिक आहे, पण मी करा म्हणेन. दुय्यम निबंधक कार्यालयात शंभर रुपये नोंदणी शुल्क आणि पानांप्रमाणे हाताळणी शुल्क लागतं. आधार, पॅन, फोटो, साक्षीदारांची ओळखपत्रं आणि मालमत्तेच्या कागदांच्या झेरॉक्स सोबत न्या. तिथे फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. इतर दस्तांसारखी चार महिन्यांची मुदत मृत्युपत्राला नाही. खूप आजारी असाल तर अर्ज केल्यावर अधिकारी घरी येऊ शकतात. तुम्ही हयात असेपर्यंत त्याची नक्कल तुमच्याशिवाय किंवा तुम्ही अधिकार दिलेल्या माणसाशिवाय कुणाला मिळत नाही. कुणाला कळूच नये असं वाटत असेल तर मोहरबंद पाकीट जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. मुंबईत वर्षानुवर्षं प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची, जी सक्ती ऐकली, ती इथल्या हिंदू कुटुंबांना नव्हती.

मन बदललं तर कितीही वेळा नवीन करा, शेवटचं तेच खरं. फक्त त्यात "आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" असं लिहा. मोठ्या बाबांनी दिवाळीनंतर दुसरं केलं. यावेळी स्टँप पेपर आणला नाही आणि मूळ प्रत कुठल्या कपाटात आहे ते मला दाखवून ठेवलं.