मातृभाषेचे ध्वनी आणि मेंदूतली वीज : पार्श्वभूमी

जर्मनीतल्या येना शहरात मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली पहिल्यांदा माणसाच्या मेंदूतली विद्युत स्पंदनं टिपली. त्यांचा निबंध छापून आला १९२९ मध्ये. पुढे १९३९ मध्ये अमेरिकेत पॉलिन डेव्हिस यांना जाग्या माणसाच्या ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, आवाजासरशी उठणारी लहर दिसली. मात्र ही लहर जेमतेम काही मायक्रोव्होल्टची, मेंदूच्या इतर हालचालींत सहज बुडून जाणारी. लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९५०च्या दशकात त्यावर तोड काढली. तेच उद्दीपन पुन्हा पुन्हा द्यायचं आणि सगळ्या नोंदींची सरासरी घ्यायची. बाकीचा गोंधळ एकमेकांत विरतो, उत्तर तेवढं शिल्लक राहतं.

बोलीच्या ध्वनींसाठी खरी कळ सापडली ती पुढे. एकच आवाज सारखा ऐकवत राहायचं आणि मध्येच वेगळा टाकायचा. हातात पुस्तक असलं, आवाजांकडे लक्ष नसलं, तरी साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांत मेंदू ‘हा वेगळा’ अशी नोंद करतो. फिनलंडचे रिस्तो नाटानेन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेला हा प्रतिसाद ‘एमएमएन’ (मिसमॅच निगेटिव्हिटी) म्हणून ओळखला जातो. ऐकणाऱ्याला काही विचारावंच लागत नाही, ही त्याची मोठी ताकद. त्यामुळे तान्ह्या बाळांवरही तो तपासता येतो.

आपल्याला त आणि ट यांत घोळ होत नाही. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतला हा फरक ओळखतात, पण वर्षाची होता होता बहुतेकांची ती ओळख पुसट होते. हा निष्कर्ष बाळांच्या मान वळवण्यावरून काढलेला होता. मेंदूतला पुरावा पुढे मिळाला.

नाटानेन यांच्या गटाने १९९७ मध्ये ‘ए’सारखा स्वर ऐकवत अधूनमधून एस्टोनियन ‘õ’ टाकला. हा स्वर फिनिशमध्ये नाही. एस्टोनियन लोकांच्या मेंदूने त्याला ठसठशीत उत्तर दिलं, फिनिश लोकांचं उत्तर मात्र क्षीण होतं. लगेच १९९८ मध्ये मारी शूर आणि सहकाऱ्यांनी बाळांवर हेच करून पाहिलं. सहा महिन्यांच्या फिनिश बाळांचा मेंदू आवाजातल्या निव्वळ फरकाच्या प्रमाणात उत्तर देत होता. वर्षाच्या वयात त्याच्या उत्तरात मातृभाषा उतरली होती.