फ्लॅश मोड : डिजिटल कॅमेऱ्यातील वापर

डिजिटल कॅमेऱ्यातील झेनॉन वायूच्या नळीतून पडणारा झोत केव्हा, किती आणि शटरच्या (प्रकाश आत सोडणाऱ्या पडद्याच्या) कोणत्या टप्प्यावर पडावा हे ठरवणाऱ्या योजनेला फ्लॅश मोड म्हणतात. हा झोत बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी काळ टिकतो. त्यामुळे जवळचा विषय मुख्यतः झोताने उजळतो, तर मागचे दृश्य किती उजळ दिसेल हे शटर किती वेळ उघडे राहिले यावर ठरते. या दोन प्रकाशांचा मेळ प्रत्येक मोड आपापल्या रीतीने घालतो.

ऑटो मोडमध्ये कॅमेरा अंधार जोखून स्वतःच फ्लॅश मारतो. पण फ्लॅशची खरी गरज अनेकदा भर उन्हात असते. विदर्भात दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू असताना वेचणारीचा फोटो काढला, तर बोंडे पांढरीफेक येतात आणि डोक्यावरून ओढलेल्या पदराखालचा चेहरा काळा पडतो. उजेड पुरेसा आहे असे समजून ऑटो मोड येथे गप्प राहतो. अशा वेळी सक्तीचा, म्हणजेच फिल फ्लॅश लावावा. मात्र फ्लॅशसोबत शटरचा वेग बहुतेक बदलभिंगी कॅमेऱ्यांत सेकंदाच्या 1/200 ते 1/250 पलीकडे सहसा नेता येत नाही, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनक्षमता) 100 असताना कडक उन्हात भिंगाचे छिद्र एफ 11 च्या आसपास, म्हणजे बरेच लहान ठेवावे लागते. कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशचा गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा; त्याला छिद्राच्या एफ आकड्याने भागले की पल्ला मिळतो) 12 मीटर धरला, तर 12 भागिले 11 या हिशेबाने त्याची पूर्ण शक्ती सव्वा मीटरही पुरत नाही. केवळ सावली उजळायची असल्याने थोडे अधिक अंतर चालते, तरी दोन पावले पुढे सरकून फोटो काढणे केव्हाही चांगले.

रात्रीच्या लग्नात ऑटो मोडने काढलेल्या फोटोत नवरा-नवरी लख्ख येतात आणि मागचा दिव्यांच्या माळांचा मांडव काळोखात बुडतो. स्लो सिंक मोड शटर 1/15 सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ उघडे ठेवून तो मांडव परत आणतो. कॅमेरा मात्र तिपाईवर किंवा खांबाला टेकवून स्थिर धरावा. रिअर कर्टन मोडमध्ये झोत शटर मिटण्याच्या बेताला पडतो, त्यामुळे रात्रीच्या दंडार या लोकनाट्यात नाचणाऱ्याच्या हालचालीची रेघ त्याच्या मागे उमटते. पहिल्या पडद्याबरोबर, म्हणजे शटर उघडताच झोत पडला, तर हीच रेघ पुढे येते आणि माणूस उलटा चालल्यासारखा दिसतो.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकाला मागच्या रांगेतून फ्लॅश मारणे निरर्थक आहे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, त्यामुळे रंगमंचाऐवजी पुढच्या प्रेक्षकांची डोकी उजळतात, शिवाय नटांना त्रास होतो. तेथे फ्लॅश बंद ठेवून आयएसओ वाढवावा.

रेड-आय मोडमध्ये मुख्य झोताआधी दिवा लागून डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि डोळ्यांच्या मागील रक्तवाहिन्यांवरून परतणारा लाल प्रकाश कमी होतो. पहिल्या चमकीलाच फोटो झाला असे वाटून माणसे मान वळवतात, म्हणून त्यांना आधी सांगून ठेवावे. पोळ्याच्या संध्याकाळी सजवलेल्या बैलांवर फ्लॅश पडला की त्यांचे डोळे निळसर-हिरवे चमकतात. ही चमक डोळ्यातील परावर्तक थरामुळे येत असल्याने रेड-आय मोडचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. फ्लॅश भिंगापासून बाजूला धरला किंवा बैलाची मान थोडी वळेपर्यंत थांबले, तर ती टळते.