सगळेच विद्यार्थी वरच्या दहा टक्क्यांत कसे?

‘कष्टाळू, प्रामाणिक, सगळ्यांशी मिळून-मिसळून वागणारी. माझ्या आजवरच्या उत्तम विद्यार्थ्यांपैकी एक.’ शिफारसपत्रातलं हे वाक्य वाचून निवड करणाऱ्याला काय कळतं? फार काही नाही. पुढच्या पाकिटातही तेच वाक्य असतं. आपल्याकडे तर मजकूर विद्यार्थ्यानेच टाइप करून न्यायचा आणि सरांनी सही-शिक्का द्यायचा, ही पद्धत कुणाला नवी नाही. डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशात नीट-पीजी परीक्षेच्या रँकवर जागा मिळत असल्यामुळे तिथे पत्राचं काही अडत नाही, एवढंच.

अमेरिकेत अडतं. तिथे रेसिडेन्सीसाठी, म्हणजे आपल्या पीजीसारख्या प्रशिक्षणासाठी, परीक्षेच्या गुणांइतकंच प्राध्यापकांच्या पत्रांनाही वजन असतं. इमर्जन्सी मेडिसिनच्या, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या शाखेच्या, रेसिडेन्सी चालवणाऱ्या डॉक्टरांना 1990च्या दशकात या गोडगोड पत्रांचा कंटाळा आला. त्यांच्या संघटनेने एक ठरावीक फॉर्म तयार केला. त्याचं आजचं नाव ‘स्टँडर्डाइज्ड लेटर ऑफ इव्हॅल्युएशन’, बोलताना ‘स्लो’. आधीच्या नावात ‘रेकमेंडेशन’ हा शब्द होता, तो पुढे काढून टाकला. मला हा बदल फार बोलका वाटतो: शिफारस नको, मूल्यमापन करा.

फॉर्ममधले प्रश्न नेमके आहेत. रुग्णाला काय झालं असेल, याच्या शक्यता हा विद्यार्थी स्वतः मांडू शकतो का? सहकाऱ्यांशी त्याचं जमतं का? त्याच्यावर किती लक्ष ठेवावं लागेल? आणि खरी मेख पुढे आहे. याच शाखेत जाऊ पाहणाऱ्या इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत हा कुठे बसतो: वरच्या 10 टक्क्यांत, वरच्या एक तृतीयांशात, मधल्या की खालच्या? नुसतं ‘उत्तम’ लिहून सुटका नाही.

फायदा झाला का? 1998 साली एका अभ्यासात साधी पत्रं आणि हे फॉर्म अनेक जणांना वाचायला देऊन अर्जदारांना श्रेणी द्यायला सांगितलं. साध्या पत्रांच्या बाबतीत वाचणाऱ्यांचं एकमत मोजणारा निर्देशांक (1 म्हणजे पूर्ण एकमत) 0.78 भरला, फॉर्मच्या बाबतीत 0.97. साधं पत्र समजून घ्यायला सरासरी 90 सेकंद लागत होते, फॉर्मला 16. शेकडो अर्ज चाळणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठाच. पण वाचणाऱ्यांचं एकमत झालं म्हणून लिहिणारा खरं लिहितो असं थोडंच आहे!

तो लिहीतही नव्हता. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की ‘वरच्या 10 टक्क्यांत’ दहापेक्षा कितीतरी जास्त टक्के मुलं बसवली होती आणि ‘खालचा एक तृतीयांश’ जवळजवळ ओस पडला होता. प्राध्यापकही माणूसच, आपल्या हाताखालच्या पोराच्या वाटेत दगड कोण ठेवेल? त्यावरचा उपाय फॉर्ममध्येच आहे. गेल्या वर्षी तुम्ही किती जणांना कोणत्या गटात टाकलं, हेही लिहावं लागतं. ज्याने निम्म्या वर्गाला अव्वल ठरवलंय, त्याच्या ‘अव्वल’ची किंमत वाचणारा आपोआप कमी करतो. स्तुती थांबवता येत नसेल तर निदान तिचा भाव तरी कळावा, असा हा हिशेब.

मोकळ्या मजकुराचा आणखी एक धोका आहे. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक पदासाठी आलेली 300हून अधिक पत्रं भाषा-अभ्यासकांनी तपासली. तो अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांसाठीची पत्रं तुलनेने आखूड होती, त्यांत मेहनतीचं कौतुक जास्त होतं आणि मनात शंका पेरणारी वाक्यंही जास्त. ‘मेहनती’ ही स्तुतीच, पण शेजारच्या पत्रात ‘असामान्य’ लिहिलेलं असलं की ती फिकी पडते.

आता ऑर्थोपेडिक्स, त्वचारोग, कान-नाक-घसा अशा शाखांनीही असे फॉर्म आणले आहेत. जानेवारी 2022पासून तिथल्या ‘स्टेप 1’चा, म्हणजे डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच्या पहिल्या परीक्षेचा, निकाल फक्त पास-नापास असा लागतो. गुणांचा एक मोठा आधार गेला, तसं पत्रांवर जास्त अवलंबून राहावं लागतं. पुण्या-मुंबईतून एमबीबीएस करून इमर्जन्सी मेडिसिनसाठी तिकडे जाऊ पाहणाऱ्यांना याची झळ बसते. वजनदार ‘स्लो’ मिळतो तो तिथल्याच इमर्जन्सी विभागात काही आठवडे काम केल्यावर, तिथल्या रेसिडेन्सीशी संबंधित डॉक्टरांकडून. आणि परदेशी विद्यार्थ्याला तसं काम करायची संधी मिळवणं हीच मुळात अवघड गोष्ट. कॅज्युअल्टीत रात्ररात्र जागलेल्या आपल्या इंटर्नला तिथे कोणत्या गटात टाकायचं, हे ठरवायला त्याच्या सरांकडे तुलनेसाठी तिथली मुलंच नसतात.