लॉक (संगणकशास्त्र)

एकाच वेळी चालणाऱ्या अनेक थ्रेडपैकी (थ्रेड म्हणजे प्रोग्राममधील कामाचा स्वतंत्रपणे चालणारा एक धागा) एका वेळी एकालाच सामाईक माहितीला हात लावता यावा, यासाठी प्रोग्रामिंगमध्ये केलेली सोय म्हणजे लॉक. प्रोग्रामच्या ज्या भागात ही सामाईक माहिती वाचली किंवा बदलली जाते, त्याला क्रिटिकल सेक्शन म्हणतात. त्यात शिरताना थ्रेडने लॉक घ्यायचे आणि बाहेर पडताना सोडायचे असते. मधल्या काळात तेच लॉक मागणारा दुसरा थ्रेड खोळंबून राहतो.

नाट्यगृहाच्या तिकीटविक्रीचा हिशेब ठेवणाऱ्या प्रोग्रामात विकलेल्या तिकिटांचा आकडा 1 ने वाढवायचा असेल, तर लिहिणाऱ्याला ती एकच ओळ दिसते, पण प्रोसेसरच्या लेखी बहुधा त्या तीन पायऱ्या असतात: मेमरीतून आकडा आणणे, त्यात एक मिळवणे आणि बेरीज परत ठेवणे. दोन खिडक्यांसाठीच्या दोन थ्रेडनी एकापाठोपाठ 40 हाच आकडा उचलला, तर दोघेही 41 लिहून मोकळे होतात; प्रेक्षागृहात माणसे 42 आणि हिशेबात 41. अशी चूक हजारो चाचण्यांत दडून राहते आणि नेमकी गर्दीच्या वेळी उघडी पडते. तिचा माग काढण्यासाठी मध्ये एखादी छापण्याची ओळ घातली, तर वेळेचे गणित बदलून ती पुष्कळदा गायबही होते.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी 1965 मध्ये, मेमरीत साधे वाचन आणि लेखन एवढ्याच साधनांवर कितीही प्रक्रियांना (एकाच वेळी चालणाऱ्या कामांना) क्रिटिकल सेक्शनमध्ये एकमेकींपासून दूर ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. दोन प्रक्रियांपुरते उत्तर डेकर यांनी त्याआधीच शोधले होते. डाइक्स्ट्रा यांनीच मांडलेल्या सेमाफोर या, थ्रेडना थांबवणाऱ्या-सोडणाऱ्या साधनाचे नाव रेल्वेच्या सिग्नलवरून आले आहे. आजचे प्रोसेसर वेगासाठी वाचन-लेखनाचा क्रम आतल्या आत बदलत असल्यामुळे त्या जुन्या रीती जशाच्या तशा चालत नाहीत. प्रत्यक्षातली लॉके ‘पाहा आणि बदला’ हे काम अखंडपणे करणाऱ्या प्रोसेसरच्या खास सूचनांवर उभी असतात. लॉक मिळेपर्यंत प्रोसेसर अडवून पुन्हा पुन्हा विचारत राहणाऱ्या प्रकाराला स्पिनलॉक म्हणतात, तर म्युटेक्स या प्रकारात वाट पाहणारा थ्रेड सहसा झोपवला जातो. क्रिटिकल सेक्शन अगदी छोटा असेल तर पहिला प्रकार परवडतो.

लॉक माहितीला लागत नसते, ही गोष्ट नवशिक्यांच्या हमखास नजरेतून सुटते. एकेरी लोहमार्गावर टोकन हाती आल्याखेरीज चालकाने गाडी पुढच्या खंडात न्यायची नाही, हा नियम असतो. टोकन स्वतः रुळावर आडवे पडलेले नसते. तसेच लॉक हा केवळ करार आहे आणि तो त्या माहितीला हात लावणाऱ्या प्रत्येक ओळीने पाळावा लागतो. वर सांगितलेला आकडा नऊ ठिकाणी लॉक घेऊन आणि दहाव्या ठिकाणी तसाच बदलला, तर नऊ ठिकाणची खबरदारी वाया जाते. म्हणून कोणते लॉक कोणत्या माहितीचे, हे जाणते प्रोग्रामर कोडमध्येच लिहून ठेवतात. रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत तर माहिती म्युटेक्सच्या पोटातच ठेवली जाते, त्यामुळे लॉक न घेता तिच्यापर्यंत पोहोचणारा सरळमार्गी प्रोग्राम कंपाइलच होत नाही, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरतच नाही.

लॉके एकाहून अधिक झाली की नवा घोर लागतो. एका थ्रेडने पहिले लॉक धरून दुसरे मागावे आणि दुसऱ्याने दुसरे धरून पहिले मागावे, म्हणजे दोघेही कायमचे अडकतात. याला डेडलॉक म्हणतात. सर्व लॉके सर्वांनी एकाच ठरलेल्या क्रमाने घ्यावीत, हा त्यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

प्राधान्यक्रम उलटण्याचा, म्हणजे महत्त्वाचे काम कमी महत्त्वाच्या कामांमुळे अडण्याचा प्रकार याहून फसवा असतो. 4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांनी आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या, कमी प्राधान्याच्या कामाने एक म्युटेक्स धरलेले असे. तेच म्युटेक्स माहितीच्या बसची (यानाच्या भागांमध्ये माहिती नेणाऱ्या मार्गाची) व्यवस्था पाहणाऱ्या, वरच्या प्राधान्याच्या कामाला हवे असे. आणि मधल्या प्राधान्याचे संपर्काचे काम पहिल्याला बाजूला सारून प्रोसेसर बळकावी. वरचे काम वेळेत पुरे झाले नाही, हे लक्षात येताच देखरेखीची यंत्रणा सारेच नव्याने सुरू करत असे. लॉक धरणाऱ्याला, वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तात्पुरते बहाल करण्याची सोय त्या प्रणालीत आधीपासून होती, फक्त बंद होती. ती पृथ्वीवरून चालू करण्यात आली.

एका लॉकखाली किती माहिती ठेवावी, याचे ठोक उत्तर नाही. लिनक्सच्या 1996 मधील 2.0 आवृत्तीत अनेक प्रोसेसरांसाठी आलेले, जवळपास सगळ्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) पुरून उरणारे एकच मोठे लॉक टप्प्याटप्प्याने फोडत अखेर 2011 मध्ये 2.6.39 आवृत्तीत पूर्ण काढले गेले. एवढी वर्षे लागली, कारण कोणता कोड त्याच्या भरवशावर निर्धास्त आहे हे ओळ न् ओळ वाचूनच कळणार होते. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या प्रचलित अंमलबजावणीतही असेच एक सर्वव्यापी लॉक आहे. ते काढून बारीक लॉके बसवली की एकाच थ्रेडचे प्रोग्राम मंदावतात, ही त्यातली जुनी अडचण. 2024 मधील 3.13 आवृत्तीत त्या लॉकविना चालणारा पर्याय प्रायोगिक म्हणून वेगळा देण्यात आला.