ठोक घ्यावं की चिल्लर? विदर्भातल्या साठवणीचा मागोवा

ठोक म्हणजे एकदम मोठ्या मापानं घेणं, चिल्लर म्हणजे लागेल तसं थोडंथोडं. ‘वर्षाचं एकदाच भरून ठेवलं की परवडते’ हे विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात ऐकायला मिळतं, आणि ते खोटं नाही. सुगीत तूर, मार्चात मिरची, एप्रिलात गहू नि चिंच घेणाऱ्याला तोच माल श्रावणात घेणाऱ्यापेक्षा बहुतेक वर्षी स्वस्त पडतो. मात्र असं म्हणणाऱ्याच्या हाती सुगीत पैसा असतो. ज्याच्या हाती तो नसतो त्याच्या अडचणीला शे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

जुनी साठवण ही मुळात खरेदीच नव्हती. ज्वारी शेतात पिकायची, खळ्यावरून थेट घरात यायची. बुरडानं विणलेली ढोली शेणमातीनं लिंपून, उन्हात कडकडीत वाळवून तिच्यात ती भरायची. पीक जास्त आलं तर जमिनीतल्या पेवात. थरांमध्ये कडुनिंबाचा पाला, डाळीला राख नाहीतर एरंडेलाचा हात. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीचा गडी, गुढीपाडव्याला बांधला जाई आणि त्याच्या सालात रोकडीबरोबर ज्वारीही ठरलेली असे. बलुतेदाराचा वाटा खळ्यावरच निघे. पोटाला लागणाऱ्या धान्याला बाजारभाव लावायची वेळ फारशी येत नसे. तेलासाठी घरचे जवस-तीळ घाण्यावर न्यायचे. तेल घरी, ढेप म्हणजे पेंड गोठ्यात. बाहेरून आणायचं ते मीठ, गूळ, मिरची आणि कापड. मिरची भिवापूरकडची असेल तर पाहुण्यांना आवर्जून सांगायचं.

या व्यवस्थेला मोठा धक्का कापसानं दिला. 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, तेव्हा वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीवर नजर गेली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, 1870 मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं केलं. जिथं ज्वारी डुलायची तिथं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी आली. घरात पैसा आला खरा, पण पोटाचं धान्य विकत घ्यायची पाळीही आली. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी वऱ्हाडाला झोडपलं तेव्हा ते सगळ्यात जास्त भोवलं मजुरांना. ज्यांच्या घरी धान्य नव्हतं आणि भाव चढल्यावर विकत घ्यायला पैसाही नव्हता त्यांना. पावसाळ्यात सावकाराकडून ज्वारी आणायची आणि सुगीत सवाईनं किंवा दिढीनं फेडायची, हाही एक प्रकारे चिल्लर खरेदीचाच व्यवहार. फरक एवढाच की चार-सहा महिन्यांसाठी मोजलेली जादा किंमत पंचवीस ते पन्नास टक्के होती.

स्वातंत्र्यानंतर 1972 मध्ये राज्य सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकरी सुटावा हा हेतू चांगला होता, पण पैसे हप्त्यांनी मिळत आणि चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाची रक्कम, लांबे. गावातल्या किराणा दुकानाची लाल वही या चुकाऱ्याच्या तालावर चालायची. आषाढापासून उधारी, चुकारा आला की हिशेब, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उधारी. या उधारीत दुकानदार व्याज वेगळं लिहीत नसे. ते साखरेच्या आणि चहापत्तीच्या भावातच असे. त्यामुळे उधारीवर साखरेचा अख्खा कट्टा (पोतं) उचलणाऱ्यालाही ठोकाचा भाव कधी मिळाला नाही. याला मी दुकानदाराची लबाडी म्हणणार नाही. त्याचाही पैसा सहा-सहा महिने गुंतून पडत होता. तोच माल जवळच्या तालुक्याच्या गावी रोखीनं स्वस्त मिळायचा, हे मात्र दोघांनाही ठाऊक असे.

मग सोयाबीन आलं. नव्वदीच्या दशकात ते विदर्भभर पसरलं, दिवाळीच्या आगेमागे एकदम हाती येणारं आणि ताबडतोब विकलं जाणारं पीक. ज्वारीचा पेरा आटला. पाखरं, रानडुकरं आणि कापणीची मजुरी यांनी उरलासुरला उत्साहही घालवला. ज्वारी किराण्याच्या यादीत गेली आणि रोजच्या ताटात गहू-तांदूळ आले, बरेचसे रेशनचे. 1997 मध्ये रेशनकार्डाचे दारिद्र्यरेषेनुसार गट पडले, 2000 च्या डिसेंबरात अंत्योदय योजना आली, 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला 5 किलोचा हक्क दिला. 2015 मध्ये शेतकरी आत्महत्यांचं प्रमाण जास्त असलेल्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही स्वस्त धान्य सुरू झालं. त्यात अमरावती विभागाचे पाच जिल्हे आणि वर्धा होता. 2023 मध्ये त्या धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये खात्यात टाकायचं ठरलं. 5 किलोला 150, म्हणजे किलोला 30 रुपये. तेवढ्यात तेव्हा दुकानातला बरा गहू येत होता की नाही, हे घरच्या बाईला विचारावं.

तुरीचं उदाहरण मात्र जरा थांबून पाहण्यासारखं आहे, कारण ती विदर्भात पिकतेही आणि विकतही घेतली जाते. क्विंटलभर तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते. पूर्वी ती भिजवून, वाळवून घरच्या जात्यावर भरडायची. पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल गावोगावी आली. 2015 च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. फेब्रुवारीत सगळी तूर विकून मोकळं झालेल्या घरांना दिवाळीत दुकानातून डाळ आणावी लागली. तो धसका एवढा होता की पुढच्या हंगामांत पेरा वाढला आणि 2017 मध्ये तूर बदाबदा आली. हमीभाव बोनससह क्विंटलला 5050 रुपये, बाजारात त्याहून कितीतरी कमी आणि सरकारी खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा. आदल्या वर्षीच्या महाग भावानं जास्तीची डाळ भरून ठेवणारा फसला. साठवणीत असा जुगारही असतो, आणि तो पचवायला घरात थोडी ऐपत लागते.

मजुराच्या घरची खरेदी वेगळीच चालते. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी हाती येते आणि दुकानात मागणी होते ती वजनानं नव्हे, रुपयांनी. ‘भाऊ, दहाचं तेल द्या, पाचची हळद, दहाची चहापत्ती.’ इथं भाव वाढला तरी दहाची नोट दहाचीच राहते. कमी होतं ते बाटलीतलं तेल. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर 2011 च्या अन्न सुरक्षा नियमांनी बंदी घातली. दहाचं तेल मागणं काही त्यामुळे बंद झालं नाही.

छोटं ते नेहमीच महाग, असंही नाही. तमिळनाडूतल्या कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये चिक शाम्पू पुडीत आणला, आणि पुढे पुडीची स्पर्धा एवढी वाढली की रुपयाच्या पुडीतला शाम्पू मोठ्या बाटलीपेक्षा मिलिलीटरमागे अनेकदा स्वस्त पडू लागला. आजही हिशेब करून पाहा: रुपयाला साडेपाच मिली मिळत असेल तर 180 मिलीला 33 रुपये होतात. बाटली या भावात कोण देतं? शाम्पूपुरतं तरी पुड्यांची माळ घेणारी मजूर बाई बाटली घेणाऱ्या मास्तरणीपेक्षा हुशार ठरते. चहापत्ती, साबण, डाळ यांचं तसं नसतं. म्हणून पाकिटावर छापलेली ग्रॅममागची किंमत वाचावी. ती छापणं आता बंधनकारक आहे.

तेलाच्या डब्यात तर डोळे उघडे ठेवावेच लागतात. एक डबा 15 किलोचा, दुसरा 15 लिटरचा. शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही. लिटरभर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या डब्यात सुमारे 13 किलो 650 ग्रॅम तेल असतं. दोन्हींत सव्वा किलोहून जास्त तफावत. ‘डबा पन्नास रुपयांनी स्वस्त मिळाला’ म्हणून खूश झालेल्याला घरी गेल्यावर कधीतरी ते उमगतं.

आणि पैसा व्याजानं काढला असेल तर डबा घेऊच नये. समजा 2000 रुपयांचा डबा सुट्या तेलापेक्षा एकूण 100 रुपयांनी स्वस्त पडला आणि दोन महिने पुरला. महिना शेकडा तीननं काढलेल्या पैशावर तेवढ्या काळात व्याज होतं 120. वर डब्याचं झाकण उघडं असलं की हात सैल सुटतो, भजी जास्त वेळा होतात, हा अनुभव घराघरांतला. काही ठिकाणी बचत गटाच्या बाया मिळून डबे आणि डाळीचे कट्टे आणतात आणि काट्यावर वाटून घेतात. तिथं ठोकाचा भाव मिळतो आणि एकेकीला आठवड्यापुरतेच पैसे काढावे लागतात. मला तरी खेड्यात चालेल असा हाच मार्ग दिसतो. वाटणीवरून भांडणं होतात, पण ती चालायचीच.

रोख कधी हाती येते यावर किती अवलंबून असतं ते 2024 मध्ये दिसलं. ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या आगेमागे, लाडकी बहीण योजनेचे दोन हप्ते एकदम, म्हणजे 3000 रुपये, अनेक बायांच्या खात्यात जमा झाले. महिना उलटायच्या आत, 14 सप्टेंबरपासून, केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं: कच्च्या तेलावर सगळं मिळून 5.5 वरून 27.5 टक्के, रिफाइंडवर 13.75 वरून 35.75 टक्के. तेलाचे भाव लगेच चढले. कच्च्या तेलावरचं शुल्क कमी झालं ते थेट 2025 च्या मे अखेरीस. ऑगस्टच्या पैशातून डबा घेतला असता तर चांगलाच फायदा झाला असता. पण श्रावणात हाती आलेल्या पैशाला आधी वहीतली मागची बाकी असते, मग पोरांच्या वह्या, फवारणीचं औषध, आणि त्या वर्षी पोळाही 2 सप्टेंबरला होता.